नवा डेस्कटॉप सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून भाचीचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. ताई आणि भावजींनी पैसे साठवून तिला ऐंशी हजारांचा असेंबल्ड डेस्कटॉप घेऊन दिला होता. "मावशी, रेंडर लावला की बंद पडतो गं. आज चार वेळा झालं. शुक्रवारी सबमिशन आहे." (रेंडर म्हणजे ड्रॉइंगवरून कॉम्प्युटरने हुबेहूब चित्र तयार करणं.) मशीन दोनदा दुकानात नेऊन झालं होतं. दोन्ही वेळा "विंडोज करप्ट झालंय" म्हणून फॉरमॅट मारून मिळालं, दोन दिवस नीट चाललं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या सगळ्यात तिचे अठरा दिवस गेले, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. नव्या मशीनच्या बाबतीत पहिले काही दिवस फार मोलाचे असतात. त्या दिवसांत दुकानदार खराब पार्ट काउंटरवरच बदलून देऊ शकतो. नंतर तोच पार्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो आणि आठवडे लागतात. म्हणून नवं मशीन बंद पडू लागलं की त्याच दिवशी शोध सुरू करा. शोधाची सुरुवात मात्र फॉरमॅटने करू नका. नवीन मशीनवरचं विंडोज आपोआप बिघडत नाही. ते बिघडलं असेल तर त्याला बिघडवणारं काहीतरी खाली आहे. बहुतेक वेळा ते रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), वीज, उष्णता किंवा ड्रायव्हर (एखादा पार्ट चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) यांपैकी एक निघतं.

खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरते. स्वस्त आणि बिनधोक गोष्टी आधी, मशीन उघडण्याच्या नंतर, दुकान सगळ्यात शेवटी. एक नियम मात्र सुरुवातीपासून पाळा: एका वेळी एकच बदल. रॅम काढली, बायोस (मुख्य बोर्डावरचं, विंडोजच्याही आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि ड्रायव्हरही बदलला, असं एका दुपारी केलंत आणि मशीन चालू लागलं, तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही. चार दिवसांनी ते पुन्हा पडलं की तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

पहिली पायरी: वही

साधी शाळेची वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, काय चालू होतं, मशीन कसं पडलं आणि चालू करून किती वेळ झाला होता, एवढं लिहा. हे कंटाळवाणं वाटतं, पण "सारखं बंद पडतं" या वाक्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. "रेंडर सुरू केल्यावर सहा-सात मिनिटांनी, निळा पडदा, प्रत्येक वेळी वेगळा मजकूर" यावरून बरंच सांगता येतं.

पडण्याच्या तऱ्हा चार आहेत आणि त्यांत फरक करायला शिका.

वीज गेल्यासारखं क्षणात सगळं बंद, पंखेही बंद, पडद्यावर काही नाही: इथे आधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा), वायरिंग आणि उष्णता यांचा संशय घ्या. मजकुरासह निळा पडदा आला तर विंडोजला काहीतरी कळलंय आणि ते त्याने लिहून ठेवलंय. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर हाच पडदा निळ्याऐवजी काळा येतो, त्यामुळे नुसता रंग पाहून गोंधळू नका. खाली छोट्या अक्षरांत स्टॉप कोड (बिघाडाचं इंग्रजी नाव) आहे का ते पाहा. तिसरी तऱ्हा म्हणजे हँग होणं: माउस थिजतो, स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहतो आणि पॉवर बटण दाबून धरावं लागतं. चौथी, फक्त पडदा काळा होतो पण गाणं चालूच राहतं. या शेवटच्या प्रकारात ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर नाहीतर मॉनिटरची केबल बघायची.

दुसरी पायरी: विंडोजने काय लिहून ठेवलंय

आधी एक सेटिंग बदला. निळा पडदा आला की विंडोज आपणहून रिस्टार्ट होतं आणि मजकूर वाचायच्या आत निघून जातो. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. आता पडदा तसाच उभा राहील. मोबाइलने फोटो काढा.

मग सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' एवढं इंग्रजीत टाइप करा. 'रिलायबिलिटी हिस्टरी' नावाचं पान उघडेल. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील, प्रत्येकीवर क्लिक केलं की त्या वेळी काय झालं ते कळतं. नवख्या माणसाला इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा (विंडोजच्या सविस्तर नोंदवहीपेक्षा) हे पान खूप सोपं जातं आणि तरी फार कमी लोकांना ते माहीत असतं.

इव्हेंट व्ह्यूअर उघडलंच, तर तिथे हमखास 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद दिसेल आणि लोक तिच्यावरून थेट एसएमपीएस बदलायला निघतात. तसं करू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. का पडलं ते सांगत नाही. 'व्हीया लॉगर' (इंग्रजीत WHEA-Logger) या नावाने नोंदी असतील तर मात्र थांबून पाहा, कारण त्या हार्डवेअरने स्वतः केलेल्या तक्रारी असतात.

स्टॉप कोडचा अर्थ अंदाजाने असा लावायचा: 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' किंवा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल' असेल तर रॅम किंवा ड्रायव्हर. 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' किंवा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' असेल तर प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज किंवा मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडलेला मुख्य बोर्ड). 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' ग्राफिक्सकडे बोट दाखवतो. 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' आला तर एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) आणि विंडोजच्या फाइली तपासा. कोडसोबत एखाद्या फाइलचं नाव आलं असेल आणि ते दर वेळी तेच असेल, तर ती ज्या ड्रायव्हरची आहे तो काढून नवीन टाका; बऱ्याचदा तिथेच काम संपतं.

माझ्या अनुभवातली सर्वात उपयोगी खूण यापेक्षाही साधी आहे. दर वेळी एकच कोड येत असेल तर सॉफ्टवेअर किंवा एखादा ठरावीक पार्ट. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, मधूनच ब्राउझरचा टॅब मरत असेल, झिप फाइल उघडताना "फाइल करप्ट आहे" असं येत असेल, तर आधी रॅम. भाचीच्या वहीत पाच नोंदी होत्या आणि चार वेगवेगळे कोड. मी एसटी पकडली तेव्हा पेनड्राइव्ह सोबत घेऊनच निघाले.

तिसरी पायरी: कॅबिनेट उघडा

आधी स्वीच बंद करा, मागची पॉवर केबल काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कॅबिनेट आडवं झोपवा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक व्होल्टेज राहतं.

मशीन दुकानातून घरी येईपर्यंत बाइकवर किंवा कुरिअरच्या गाडीत हादरे खातं, त्यामुळे नव्या मशीनमध्ये सैल झालेल्या गोष्टी सर्रास सापडतात. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, आठ पिनांची वायर असते. ती अर्धवट बसलेली असेल तर मशीन चालू होतं, ईमेल-यूट्यूब चालतं आणि लोड आला की धाडकन बंद पडतं. चोवीस पिनांची मोठी वायर, ग्राफिक्स कार्डची वायर, सगळ्या दाबून पाहा; खाचेत बसल्याचा टक् असा आवाज यायला हवा. ग्राफिक्स कार्डला दोन कनेक्टर लागत असतील तर एकाच वायरची दोन तोंडं लावण्यापेक्षा एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणलेल्या चांगल्या.

रॅमसाठी चार स्लॉट (खाचा) असलेल्या बोर्डवर रॅमच्या दोनच स्टिक (पट्ट्या) असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी-शेजारी लावलेल्या दिसल्या तर मशीन घाईत जोडलं गेलंय असं समजा आणि बाकीचं दुप्पट बारकाईने बघा.

रिसेट बटणाची बारीक वायरही काही दिवस काढून ठेवून पाहता येते. बटण आतून अडकत असेल तर मशीन आपोआप रिस्टार्ट होत राहतं, आणि हा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही.

चौथी पायरी: घरातली वीज

भिंतीतला सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस हे मशीनचेच भाग समजा. मशीन दुकानात दिवसभर चालतं आणि घरी तासाभरात पडतं, असं होत असेल तर पार्ट बदलण्याआधी जागा बदला. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला थेट लावून एक दिवस चालवा. फ्रीज, पाण्याची मोटर किंवा इस्त्री चालू होतानाच मशीन पडतं का, तेही वहीत टिपा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे धातूच्या कॅबिनेटवर थोडी वीज येते आणि अर्थिंगच्या वायरीतून ती निघून जाणं अपेक्षित असतं. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मोजायला सांगा. तिथे २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. अर्थिंग नसल्यामुळे प्रत्येक मशीन क्रॅश होतंच असं नाही. पण ती माणसाच्या जिवाची गोष्ट आहे, त्यामुळे क्रॅश सापडो न सापडो, ती दुरुस्त करून घ्याच.

यूपीएसबद्दल एक गोष्ट नवख्यांना सांगितली जात नाही. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेमिंगचं मशीन आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज खातात, आणि लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन मशीनसकट झोपतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लाट) देत नाही. आजचे चांगले एसएमपीएस कधी कधी त्या विजेवर टिकत नाहीत. लाइट गेल्या क्षणीच मशीन पडत असेल तर दोष मशीनमध्ये शोधत बसू नका.

पाचवी पायरी: रॅम

या पायरीला पूर्ण एक रात्र द्या. नव्या मशीनमध्ये मी सर्वात जास्त वेळा जिथे पोचते ती जागा हीच.

आधी एक्सएमपी आणि एक्स्पो हे दोन शब्द समजून घ्या. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं, पण ती स्टिक मुळात ४८०० सारख्या साध्या वेगानेच सुरू होते. खोक्यावरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी आणि एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर एक्स्पो चालू करावं लागतं. हा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त असू शकतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ५२०० आहे आणि चार स्टिक लावल्या तर ती ३६०० वर येते. म्हणजे "चारही स्लॉट भरले आणि ६००० लावलं" हे मशीन क्रॅश झालं तर त्यात आश्चर्य नाही. घेताना दोनच मोठ्या स्टिक घ्या.

तर (खाली सांगितलेली रिकव्हरी की आधी लिहून घेऊन) बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि एक-दोन दिवस नेहमीचं काम करा. डीडीआर५ च्या मशीनवर रॅमचं सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच स्वीच बंद करू नका.

त्यानंतर खरी चाचणी. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६प्लस यांपैकी एक पेनड्राइव्हवर उतरवा आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजमधली मेमरी तपासणी झटपट होते, पण तिने "सगळं ठीक" म्हटलं म्हणून रॅम निर्दोष धरू नका. मेमटेस्ट किमान चार फेऱ्या पूर्ण चालू द्या. ३२ जीबी असेल तर रात्री लावून झोपा. हजारात एक चूक चालेल असं इथे नसतं. एकही एरर आली तर ती रॅम, त्या वेगाला, नापास.

बायोसमध्ये शिरण्याआधी एक काम विसरू नका. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं. सिक्युअर बूट (बायोसमधलं सुरक्षेचं सेटिंग) बंद केलं किंवा बायोस अपडेट केलं की पुढच्या वेळी ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलुपात. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की आधी शोधून वहीत लिहून ठेवा.

भाचीकडे आम्ही जेवणं उरकल्यावर कॅबिनेट स्वयंपाकघराच्या टेबलावर आडवं ठेवलं. एक्स्पो बंद करून, दोन्ही स्टिक लावून मेमटेस्ट सुरू केली. पहिली फेरी स्वच्छ गेली. ती म्हणाली, "रॅम नाहीये मावशी, बघ." सव्वादोनला दुसऱ्या फेरीत पहिली लाल ओळ आली, मग एकदम सात-आठ. पत्ता प्रत्येक वेळी जवळजवळ तोच, वरच्या टोकाचा. मशीन बंद करून एक स्टिक काढली आणि उरलेली त्याच स्लॉटमध्ये ठेवून पुन्हा चालवली: दीड तास, एकही लाल ओळ नाही. मग तिच्या जागी दुसरी. अकराव्या मिनिटाला पडदा लाल. सोळा जीबीच्या त्या एका स्टिकमध्ये कुठेतरी खराब जागा होती.

दोनदा फॉरमॅट मारून दोन-दोन दिवस मशीन का चाललं, तेही तेव्हा नीट कळलं. कोरं विंडोज थोडीच रॅम वापरतं. तिची मोठी सॉफ्टवेअर टाकायला दोन दिवस लागायचे, आणि पहिला रेंडर लावला की मेमरी भरत भरत त्या खराब जागेपर्यंत पोचायची.

एकेक स्टिक तपासताना स्लॉट तोच ठेवा. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पास होत असतील तर स्टिक चांगल्या आहेत; दोष मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरच्या खालच्या पिनांचा. साध्या वेगाला पास आणि एक्सएमपीला नापास होत असेल तर बायोस अपडेट करून पुन्हा पाहा.

सहावी पायरी: उष्णता

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि काम करताना प्रोसेसरचं तापमान बघत राहा. रायझन ७००० चे मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातात आणि ते त्यांच्या रचनेतच आहे. इंटेलचे अनेक प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतात. त्यामुळे नुसत्या आकड्याने घाबरू नका. लोड दिल्यावर पाच-दहा सेकंदांत तापमान ४० वरून थेट टोकाला गेलं तर मात्र कूलर नीट टेकलेला नाही. चार स्क्रूंपैकी एखादा सैल असतो, किंवा कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायचीच राहून गेलेली असते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. तिथे कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात मशीन ठेवलं तर चांगला कूलरही हरतो. कप्प्यातून बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा.

सातवी पायरी: बायोस आणि इंटेलची १३वी-१४वी पिढी

नवं मशीन म्हणजे नवं बायोस, असं नसतं. बोर्ड गोदामात वर्षभर पडलेला असू शकतो. मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल, रिव्हिजनसह, बोर्डवर छापलेलं असतं. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची फाइल घ्या आणि अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची सोय करा. मधेच वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

इंटेल कोअर आय५, आय७, आय९ च्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ही पायरी पाचव्याच्या आधी करा. यांपैकी ६५ वॅट आणि त्यावरच्या प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन ते हळूहळू कमकुवत होऊ शकत होते. इंटेलने जुलै २०२४ मध्ये हे जाहीर केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतात. ते पुढचं नुकसान टाळतात, झालेलं भरून काढत नाहीत. ग्राफिक्स कार्डवर भरपूर मेमरी असतानाही गेम "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणून बंद पडणं ही या दोषाची ओळखीची खूण. सेकंडहँड मशीन घेतलं असेल तर तो प्रोसेसर आधीच्या मालकाकडे कोणत्या बायोसवर चालला हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून तिथे जास्तच सावध राहा.

आठवी पायरी: ग्राफिक्स आणि लोडची चाचणी

गेममध्येच किंवा रेंडरमध्येच पडत असेल तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होतं तो प्रकार) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवीन टाका. मग ओसीसीटी या मुद्दाम ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरने आधी फक्त प्रोसेसरला, नंतर फक्त ग्राफिक्स कार्डाला, शेवटी दोघांना एकत्र लोड द्या. एकेकटे असताना टिकतात आणि एकत्र दिल्यावर मशीन क्षणात बंद होतं, तर एसएमपीएसकडे बघा. आरटीएक्स ४०६० ला ५५० वॅटचा आणि ४०७० ला ६५० वॅटचा एसएमपीएस असावा असं एनव्हिडिया सांगते. कॅबिनेटसोबत "फुकट" आलेल्या एसएमपीएसवर ५०० वॅट लिहिलेलं असलं तरी त्यावर भरवसा ठेवू नका. मशीनमधला इतर कोणताही पार्ट स्वस्तातला चालेल, हा नाही.

प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून दोन दिवस चालवता येतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर तसं होत नाही, ओळखीच्या कोणाचं कार्ड मागून आणावं लागतं.

इतकं करूनही विंडोज की हार्डवेअर हे ठरत नसेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या, 'ट्राय' हा पर्याय निवडा आणि इन्स्टॉल न करता चार-पाच तास चालवा, ब्राउझरमध्ये बरेच व्हिडिओ लावून. तिथेही मशीन पडलं तर विंडोज निर्दोष. तिथे निवांत चाललं तर ड्रायव्हर, विंडोज किंवा एसएसडी. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसते. ती काढून पुन्हा नीट बसवली आणि तिचा छोटा स्क्रू आवळला, एवढ्यानेही काही मशीन सुधारतात.

नववी पायरी: दुकान

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तुमच्या गावातलं एकमेव दुकान, "चालत नाही" असं सांगत जाऊ नका. वही, निळ्या पडद्यांचे फोटो आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो घेऊन जा. "ही स्टिक साध्या वेगाला, दुसऱ्या स्लॉटमध्ये, एकटी लावून नापास झाली" असं म्हटलं की पुन्हा फॉरमॅटचा विषय निघत नाही. आमच्याकडे दहा मिनिटांत ठरलं.

असेंबल्ड मशीनची वॉरंटी पूर्ण मशीनची नसते, प्रत्येक पार्टची वेगळी असते. म्हणून जीएसटीच्या बिलावर प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोकी टाकू नका. प्रोसेसर खोक्याशिवाय, ट्रेमधला दिला असेल तर त्याची वॉरंटी कंपनी देत नाही, विक्रेता म्हणेल तेवढीच. हे घेतानाच विचारा. रॅम जोडीने घेतली असेल तर दोन्ही स्टिक एकत्र बदलून मागा, कारण जोडी एकत्र तपासून विकलेली असते. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

नवीन पार्ट आला म्हणजे तो चांगलाच, असं धरू नका. तोही त्याच रात्री चार फेऱ्या तपासा. आणि फॉरमॅटची वेळ इथे येते: खराब रॅमवर चाललेल्या विंडोजने डिस्कवर चुकीच्या गोष्टी लिहिलेल्या असू शकतात, त्यामुळे रॅम बदलल्यावर, आधी नाही, विंडोज नव्याने टाका. फाइलींची कॉपी आधी काढा आणि महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून बघा. भाचीच्या दोन ड्रॉइंग फाइली उघडल्याच नाहीत, त्या तिला कॉलेजच्या पेनड्राइव्हवरून परत घ्याव्या लागल्या.

नव्या जोडीवर तिने एक्स्पो अजून लावलेलं नाही. रेंडर थोडा हळू होतो, पण पूर्ण होतो. सेमिस्टर संपलं की लावू आणि पुन्हा एक रात्र मेमटेस्ट चालवू, असं आमचं ठरलंय.